आठ आणि साठ

शेवटच्या दोनशे मीटरच्या अलीकडे, वळणावर
आम्ही दोघं उभे. झ्देन्कोच्या डोळ्यांना दुर्बीण,
माझ्या हातात तळव्याएवढा संगणक.
थंडीत त्याची बॅटरी मान टाकते
म्हणून मधूनमधून तो काखेत धरते मी,
आजारी पिल्लू धरावं तसा.

पोक्ल्युकाच्या पठारावर उणे चौदा.
स्प्रूसच्या गर्दीतून स्कीवर घसरत माणसं येतात
आणि सगळी एकाच साच्यातली:
गॉगल, टोपी, मिशीवर गोठलेला श्वास.
ओळख काय ती छातीवरच्या कापडाला.

झ्देन्को आकडा ओरडतो, मी काडीने टोचते,
पडद्यावर उमटतं नाव, वय, गाव,
आणि तेच तिकडे कमानीखाली, मातियाच्या पडद्यावर.
मग माणूस पोचायच्या आधीच
त्याचं नाव भोंग्यातून निघून
त्याच्या स्वागताला जाऊन उभं राहतं.
पहिल्या वर्षी मला याचं फार कौतुक वाटलं.

एकतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं मी.
कुणाचं कुत्रं पायाला येतं, कुणाची चूल उशिरा पेटते,
कुणाच्या मुलाचं पत्र ट्रिएस्टहून येतं, आणि कुणाच्या येत नाही,
हे कुठल्या यंत्रात भरलेलं नव्हतं.

आता आमच्या भाषेची खोड अशी
की आधी एकक, मग दशक.
झ्देन्को ओरडला, "एकशे, आठ आणि साठ!"
आणि बधिर बोटांनी ऐकलं तसंच लिहिलं:
एक. आठ. सहा.

भोंगा गरजला, "बोगोमिर त्सोप, क्रान्य, वय एकोणचाळीस!"
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
रेषेवर पोचलेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाने
मागे वळून पाहिलं म्हणे,
आपल्या मागोमाग कोण आलं ते.

चाळीस मिनिटांनी खरा एकशे शहाऐंशी आला
आणि यंत्र म्हणालं: हा स्पर्धक आधीच पोचला आहे.
यंत्राला राग येत नाही. ते पुन्हा म्हणालं.
काडी झ्देन्कोच्या हातात कोंबून
मी बर्फातून कमानीकडे निघाले. धावले असं म्हणवत नाही.

कठड्याला रोझालिया टेकलेली.
बगलेत थर्मास, गळ्यात कॅमेरा, नजर जंगलाकडे.
आणि तिच्या पाठीमागे वीस पावलांवर
सूपच्या पातेल्याशी, राखाडी घोंगडीत
तिचा आवगुश्तीन,
तोही गर्दीत तिलाच शोधत होता.

चूक दुरुस्त करायला तीन टोचे पुरले.
मातियाने नाव पुन्हा पुकारलं, मोठ्याने, "गोर्येचे!" वगैरे.
दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांतून,
उशीवर थोपटल्यासारख्या.
फोटोसाठी परत एकदा कमानीतून या म्हणाले सगळे.
"एकदा पोचलो ते पोचलो," म्हातारा म्हणाला
आणि सुपात पाव बुडवला.

रोझालिया मात्र बराच वेळ थर्मासचं झाकण
लावत होती, काढत होती.
"भोंग्याकडे कान होता ना," ती मला म्हणाली,
"म्हणून बघितलंच नाही गं.
समोरूनच गेला असेल.
चव्वेचाळीस वर्षांत त्याची चाल
अंधारातसुद्धा चुकली नाही मला."

मी म्हटलं, चूक माझी. आकडा फिरला.
तेवढ्यात आवगुश्तीन सुपातून मान वर करून म्हणाला,
"त्सिल्का, वळणावर काठी उंचावून हाक मारली तुला.
आमच्या दारी थांबायचीस तेव्हा
असं नव्हतं तुझं."
रागावला नव्हता. नुसतं सांगत होता.

मी परत वळणावर आले.
बॅटरी मेली होती. झ्देन्को वहीत पेन्सिलीने
आकडे उतरवत होता, अर्धे बर्फाने पुसलेले.
"दोनशे, तीन आणि चाळीस," तो म्हणाला.

मी यंत्र काखेत घातलं
आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.
ओळखीचा नव्हता.
तरी हात वर केला.